एक जिवाणू उपटायला किती जोर लागतो?

१ जूनला मासेमारीबंदी लागते आणि गोव्यातल्या मालीमच्या जेटीवर ट्रॉलर एकमेकांना खेटून उभे राहतात. ३१ जुलैपर्यंत, म्हणजे ६१ दिवस, समुद्र बंद. या दिवसांत जाळी दुरुस्त होतात, इंजिनं उघडली जातात आणि जे ट्रॉलर वर ओढले जातात त्यांचे तळ खरवडून नव्याने रंगवले जातात. खरवडताना डोळ्यांत भरतात ती बार्नॅकलची, म्हणजे तळाला चिकटून राहणाऱ्या समुद्री जीवांची, पांढरी, धारदार कवचं. त्यांच्या खाली, त्यांच्याही आधी येऊन बसलेला एक बुळबुळीत थर असतो आणि त्याच्याकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही. पावसात फेरीच्या धक्क्यावर पाय सटकतो तो याच जातीच्या थरावरून.

हा थर जिवाणूंचा. एक जिवाणू सुमारे एक मायक्रॉन लांब, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये हजार मावतील एवढा. असा जीव रंगाला किती घट्ट धरतो हे आता मोजता येतं, तेही एकेक जिवाणू वेगळा पकडून. त्या यंत्राचं नाव अणुबल सूक्ष्मदर्शक. प्रयोगशाळेत सगळे एएफएमच म्हणतात. हे मोजमाप कसं होतं, त्यात काय बिघडतं आणि ट्रॉलरच्या मालकाला त्याचा काय उपयोग, ते पाहू.

पहिल्या दिवशी पाण्याखाली काय घडतं

रंगवलेली एक पाटी खाडीच्या पाण्यात सोडली की काही मिनिटांत पाण्यातली प्रथिनं आणि शर्करेचे लांब रेणू तिच्यावर बसू लागतात. म्हणजे जिवाणू येतो तेव्हा त्याला कोरा रंग मिळतच नाही; मिळतो तो रेणूंची साय धरलेला रंग. काही तासांत जिवाणू टेकतात. सुरुवातीला ते सैल असतात, लाटेबरोबर सुटूनही जातात. जे टिकतात ते चिकट पदार्थ सोडतात, वाढतात आणि एकमेकांना धरून वसाहत करतात. ही वसाहत म्हणजे बायोफिल्म. पुढे डायटम नावाची सूक्ष्म शैवालं येतात आणि मग बार्नॅकलच्या अळ्या जागा शोधत फिरू लागतात. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत या सगळ्या प्रकाराचा अभ्यास अनेक वर्षं चालू आहे, आणि गोव्याचं पाणी बाराही महिने उबदार असल्यामुळे अभ्यासाला माल कमी पडत नाही.

यावरचा जुना उपाय विषाचा होता. ट्रायब्युटिल टिन घातलेला रंग लावला की तळाला काही लागत नसे. पण तेच विष पाण्यात उतरून कालवांची कवचं वेडीवाकडी करू लागलं आणि गोगलगायींच्या माद्यांना नराचे अवयव फुटू लागले. २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला, २००८ मध्ये तो लागू झाला आणि जहाजांवर हा रंग बंद झाला. तांब्याचे रंग अजून चालतात. त्यांच्या जोडीला आले सिलिकोनचे मऊ लेप. हे लेप कुणाला मारत नाहीत; चिकटणाऱ्याची पकड ढिली ठेवतात, म्हणजे जहाज वेगात निघालं की पाण्याच्या माऱ्याने घाण आपोआप सुटावी. विषाचा रंग असेल तेव्हा ‘किती मेले’ एवढं मोजलं की भागतं. इथे पकड किती आहे हेच मोजावं लागतं.

ताणकाटा, पण केसाहून बारीक

एएफएम १९८६ मध्ये गेर्ड बिनिग, कॅल्व्हिन क्वेट आणि क्रिस्टोफ गेर्बर यांनी मांडला. त्याच वर्षी बिनिग आणि हाइनरिश रोहरर यांना नोबेल मिळालं ते मात्र त्याच्या थोरल्या भावंडाबद्दल, स्कॅनिंग टनेलिंग सूक्ष्मदर्शकाबद्दल. त्या थोरल्या यंत्राला वीज वाहून नेणारा पृष्ठभागच लागायचा, त्यामुळे जिवाणू बघायला ते फारसं कामाचं नव्हतं.

शाळेतला ताणकाटा आठवा. स्प्रिंग किती ताणली गेली त्यावरून वजन कळतं. एएफएममध्ये स्प्रिंगच्या जागी सिलिकॉन नायट्राइडची एक पट्टी असते. तिला कॅन्टिलिव्हर म्हणतात. आपण पट्टीच म्हणू. लांबी १०० ते २०० मायक्रॉन, जाडी एका मायक्रॉनहून कमी. एक टोक घट्ट बसवलेलं, दुसरं मोकळं. गळ टाकून बसलेल्या माणसाच्या काठीसारखं. मासा ओढतो तशी काठी वाकते आणि किती वाकली त्यावरून मासा केवढा याचा अंदाज येतो.

पट्टीचं वाकणं डोळ्यांना दिसणारं नसतं. म्हणून तिच्या पाठीवर लेझरचा ठिपका टाकतात आणि परावर्तित किरण चार खणांच्या प्रकाशसंवेदकावर पडू देतात. आरशाने भिंतीवर कवडसा पाडून पोरं खेळतात, त्यातलीच ही युक्ती: आरसा किंचित कलला तरी भिंतीवरचा कवडसा हातभर सरकतो. या युक्तीने पट्टीचं एका नॅनोमीटरहूनही कमी वाकणं टिपता येतं. नॅनोमीटर म्हणजे आपलं नख एका सेकंदात साधारण जेवढं वाढतं तेवढं अंतर.

हिशेब सोपा आहे. पट्टीचा कडकपणा ०.०६ न्यूटन प्रति मीटर असेल आणि ती १० नॅनोमीटर वाकली, तर बल ०.६ नॅनोन्यूटन. एक नॅनोन्यूटन म्हणजे एका ग्रॅमच्या कोटीव्या भागाचं वजन. हे नगण्य वाटेल. पण जिवाणूचं स्वतःचं वजन याच्या साधारण एक लाखावा भाग असतं. नॅनोन्यूटनभर पकड असलेला जिवाणू आपल्या वजनाच्या लाखपट ओढ सोसतो. गुरुत्वाकर्षणाचं त्याला काही वाटायचं कारण नाही.

जिवाणू पट्टीला बसवायचा कसा

खरी मेहनत इथे आहे, आणि बहुतेक प्रयोग फसतात तेही इथेच. टोकदार पट्टीने जिवाणूला टोचून पाहता येतं, त्याच्या अंगाचा नकाशाही काढता येतो. पण तो एखाद्या रंगाला किती धरतो हे पाहायचं तर जिवाणूच पट्टीला बांधून त्या रंगावर टेकवायला हवा.

त्यासाठी टोक नसलेली पट्टी घेतात. तिच्या शेवटाला अतिनील प्रकाशात घट्ट होणाऱ्या डिंकाने सहा मायक्रॉन व्यासाचा काचेचा मणी चिकटवतात. मणी अशासाठी की पट्टी सुमारे १० अंशांनी तिरकी बसवलेली असते. मणी नसला तर जिवाणूआधी पट्टीची कडाच पृष्ठभागाला लागते आणि आपण जिवाणूची पकड समजून सिलिकॉन नायट्राइडची पकड मोजत बसतो.

मग मण्याला गोंद. हा गोंद कुठला, ते गोव्यातल्या वाचकाला आवडेल. खडकाला धरून बसणारी शिणाणी (एक प्रकारचे शिंपले) ज्या रसायनाच्या जोरावर लाटांना दाद देत नाहीत, त्याच्याच नात्यातलं डोपामिन इथे वापरतात. डोपामिन हायड्रोक्लोराइड ४ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, ८.५ सामूच्या ट्रिस द्रावणात. मणी त्यात तासभर बुडवून ठेवायचा. द्रावण चहासारखं होतं, मग काळपट पडतं. ते काळं पडलं नाही तर सामू चुकला असं समजावं. मण्यावर पॉलिडोपामिनचा पातळ थर बसतो. पट्टी धुवायची आणि त्याच दिवशी वापरायची. शिळ्या थराची पकड कमी होते.

जिवाणू वाढीच्या भरात असताना घेतात आणि माध्यमातली प्रथिनं निघून जावीत म्हणून दोनदा धुतात. इथे घाई नडते. सेंट्रिफ्यूज (गरगर फिरवून जिवाणू तळाशी बसवणारं यंत्र) जोरात फिरवला की जिवाणूच्या अंगावरचे तंतू तुटतात, आणि चिकटण्याचं काम बरंचसं त्यांचंच असतं. म्हणजे हात-पाय तोडून माणसाला झाडावर चढायला सांगण्यासारखं. वेग कमी ठेवायचा आणि गोळा झालेले जिवाणू हलक्या हाताने पुन्हा पाण्यात मिसळायचे. त्यानंतर काचेच्या तळाच्या बशीत ते इतके विरळ पसरायचे की एकमेकांपासून सुटे दिसतील.

शेवटी, खालून पाहणाऱ्या सूक्ष्मदर्शकावर नजर ठेवून मणी एका जिवाणूवर अलगद टेकवायचा, काही क्षण ठेवायचा आणि उचलायचा. आला तर आला. जिवाणूला आधीच दोन रंग दिलेले असतात: आवरण शाबूत असेल तर तो हिरवा चमकतो, फाटलं असेल तर लाल. मोजमापाच्या आधी हिरवा आणि शंभर वेळा टेकवून झाल्यावरही हिरवा, शिवाय मण्यावर त्याच जागी, असं दिसलं तरच त्या दिवसाचे आकडे वहीत घ्यायचे. ‘मेलेल्या जिवाणूवरच मोजत नसाल कशावरून?’ हा प्रश्न नेहमी येतो आणि रास्त आहे; त्याचं उत्तर या हिरव्या ठिपक्यात आहे.

कुसळं, उसवलेले टाके आणि वक्ररेषा

आता जिवाणू रंगाच्या नमुन्यावर उतरवायचा. साधारण पाव नॅनोन्यूटन दाब, एक सेकंद स्पर्श, मग सेकंदाला एक मायक्रॉन वेगाने वर. संगणकावर एक रेषा उमटते. खाली येताना ती सपाट असते आणि स्पर्श झाला की वर चढते. परत वर नेताना ती शून्याच्या खाली खोल जाते, कारण जिवाणूने धरलं आहे आणि पट्टी खाली वाकते आहे. ही खोली म्हणजे सर्वांत मोठी पकड. मग रेषा परत शून्यावर येते: सुटला.

तो कसा सुटला हे मात्र खोलीपेक्षा अधिक सांगून जातं. नुसत्या पृष्ठभागाच्या ओढीने धरलेला असेल तर एकाच झटक्यात, स्पर्शाच्या जागेजवळच सुटतो. काही वेळा रेषेत लहान-लहान पायऱ्या दिसतात. आघाड्याची कुसळं धोतराला लागली की ती एकाच वेळी निघत नाहीत, एकेक सुटतं, तसा हा प्रकार. प्रत्येक पायरी म्हणजे सुटलेला एक बंध किंवा काही बंधांचा जुडगा. काही वेळा करवतीसारखे दात दिसतात: ते घडी घातलेलं प्रथिन ओढीखाली उलगडताना, स्वेटरचा धागा ओढल्यावर टाका-टाका उसवावा तसं. आणि स्यूडोमोनाससारख्या जिवाणूंचे पिली नावाचे लांब तंतू ओढले जाताना रेषा एकाच बलावर पुष्कळ लांब सपाट राहते. रेषा पाहून नवशिक्या आधी सर्वांत मोठा आकडा उतरवून घेतो. अनुभवी माणूस आधी रेषेचा आकार बघतो.

मांडवी गोडी झाली की

पाण्यात जिवाणूचं अंग साधारणपणे ऋणभारित असतं आणि काच, रंग, पोलाद यांचे पृष्ठभागही बहुधा तसेच. म्हणजे दोघं एकमेकांना दूर लोटायला हवेत. लोटतातही, पण किती अंतरावरून ते पाण्यातल्या मिठावर ठरतं.

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार डोळ्यांसमोर आणा. त्या गर्दीत हातभर अंतरावरच्या माणसाला मारलेली हाकही ऐकू जात नाही. तोच बाजार रिकामा असताना पलीकडच्या टोकाची हाक ऐकू येते. मिठाचे आयन म्हणजे ही गर्दी. समुद्राच्या पाण्यात विद्युत-विरोध जेमतेम ०.४ नॅनोमीटरपर्यंत जाणवतो. अगदी कमी क्षार असलेल्या नदीच्या पाण्यात तो सुमारे १० नॅनोमीटरपर्यंत पोचतो. उन्हाळ्यात मांडवी-जुवारीच्या मुखाशी पाणी जवळजवळ समुद्राइतकं खारट असतं. पावसाळ्यात सह्याद्रीवरून लोंढा आला की वरच्या अंगाला ते गोडं होतं. तोच रंग, तोच जिवाणू, पण मे महिन्यात जवळ येणं सोपं आणि जुलैत अवघड. अवघड, अशक्य नव्हे, कारण बारीक तंतू या अदृश्य भिंतीतून आरपार जाऊन आधी टोक टेकवतात आणि मग अंग ओढून घेतात.

म्हणून प्रयोगशाळेत फॉस्फेटच्या ठरावीक क्षारद्रावणात मोजून तो आकडा खाडीला लावणं चूक आहे. त्या द्रावणात बहुधा कॅल्शियम नसतं. समुद्राच्या पाण्यात ते लिटरला सुमारे १० मिलिमोल असतं, आणि दोन ऋणभारित पृष्ठभागांमध्ये पूल बांधायचं काम कॅल्शियम चोख करतं. आणि फॉस्फेटच्या द्रावणात कॅल्शियम ओतून हे सुधारता येईल असंही नाही: दोघं मिळून साका तळाशी बसतो आणि पट्टीवर कचरा जमतो. कृत्रिम समुद्रपाणी बनवून, गाळून वापरणं बरं.

आकडा दर वेळी वेगळा का येतो

शंका घेणारे म्हणतात, तोच जिवाणू, तोच रंग, सकाळी ०.८ नॅनोन्यूटन आणि दुपारी १.९. यावर विश्वास कसा ठेवायचा?

काही दोष यंत्राचे असतात. पट्टीच्या डबीवर छापलेला कडकपणा नावापुरता. प्रत्यक्षात तो दुप्पट किंवा निम्माही निघू शकतो. म्हणून प्रत्येक पट्टी उष्णतेने जी थरथरते त्या थरथरीवरून तिचा कडकपणा जागेवरच काढतात, आणि त्यातही १० ते २० टक्के चूक धरून चालतात. कवडसा किती सरकला म्हणजे पट्टी किती वाकली, हे गुणोत्तर कडक काचेवर दाबून काढायचं. जिवाणूवर दाबून काढलं तर तो दबतो आणि हिशेब बिघडतो. मग बुडबुडे. पट्टी द्रावणात उतरवताना तिच्याखाली हवा अडकते. आधी धारकावर एक थेंब सोडून मग उतरवलं तर टळतं. रेषा स्पर्शाआधीच लाटेसारखी डुलत असेल तर चकचकीत नमुन्यावरून परतलेला लेझर मूळ किरणात मिसळतो आहे. ठिपका सरकवून पाहावा. द्रावण घातल्यावर अर्धा तास थांबावं, नाहीतर तापमान स्थिरावेपर्यंत सगळंच सरकत राहतं. टेबल हवेच्या गादीवर ठेवलेलं असलं तरी शेजारच्या खोलीतला कंप्रेसर रेषेत दिसतो.

‘हवेतच मोजा की, एवढे उपद्व्याप कशाला?’ असंही विचारतात. आपल्याकडच्या दमट हवेत तर मुळीच नको. टोक आणि नमुना यांच्यामध्ये पाण्याची मान तयार होते आणि ती एकटीच कित्येक नॅनोन्यूटनने ओढते. शिवाय सुकलेला जिवाणू चपटा होतो आणि खाऱ्या नमुन्यावर मिठाचे स्फटिक उगवतात, जे नकाशात हुबेहूब जिवाणूंसारखे दिसू शकतात.

हे सगळं सांभाळलं तरी आकडा हलतोच, आणि तो खरोखरचा फरक असतो. बंध स्पर्शाच्या काळाबरोबर घट्ट होतो: एका सेकंदानंतर उपटलं तर एक बल, मिनिटभरानंतर उपटलं तर त्याच्या कितीतरी पट, कारण तेवढ्या वेळात पाणी बाहेर सरकतं आणि नवे बंध जुळतात. उपटायचा वेगही मोजावा लागतो. जखमेवरची पट्टी हळू काढली तर कमी ओढ लागते, झटक्यात काढली तर कातडी खेचली जाते. म्हणून ‘या जिवाणूची पकड इतके नॅनोन्यूटन’ असं वाक्य कुठे वाचलं आणि सोबत स्पर्शाचा वेळ, वेग आणि द्रावण दिलेलं नसलं, तर ते अर्धवट समजावं. भाव सांगितला, पण किलोचा की डझनाचा ते सांगितलं नाही.

आणि जिवाणू-जिवाणूतही फरक असतो. एकाच जिवाणूवर ५०० रेषा काढून ‘५०० नमुने’ म्हणायची खोड अनेकांना असते. तो एकच नमुना ५०० वेळा विचारलेला. निदान तीन वेगवेगळ्या वाढींतून, प्रत्येकीतून दहाएक जिवाणू घ्यावेत. एकेक बसवण्यात दिवस जातात हे खरं. २००९ मध्ये आतून पोकळ पट्टी निघाली, जिच्यातून सूक्ष्म नळीने जिवाणू शोषून धरता आणि सोडता येतो. त्याने काम झपाट्याने होतं, पण ती महाग पडते.

ट्रॉलरला याचा उपयोग काय?

सर्वांत जोरदार आक्षेप हाच: तळावर कोट्यवधी जिवाणू, शेकडो जाती, एकाला उपटून काय कळणार? खरं आहे, एएफएम रंगाची हमी देत नाही. तो चाळणीचं काम करतो. वीस लेपांपैकी कुठल्या पाचांवर पकड कमी आहे हे पाण्यात पाटी सोडण्याआधी सांगता येतं. आणि पकड का कमी आहे हेही: तंतू टेकलेच नाहीत, की टेकून घसरले. बार्नॅकलच्या अळ्या चालताना मागे जी चिकट पावलं सोडतात, त्यांवरही एएफएमने मोजमापं झाली आहेत, त्यामुळे विषय जिवाणूंपुरता राहिलेला नाही.

दुसरीकडे हीच पद्धत रुग्णालयात वापरायच्या नळ्यांसाठी चालते. स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस हा कातडीवरचा साधा जिवाणू रक्तातल्या फायब्रिनोजेनला एका प्रथिनाने पकडतो. ती एकटी पकड दोन नॅनोन्यूटनहून जास्त भरते, म्हणजे अणूंना जोडणाऱ्या रासायनिक बंधाच्या आसपास. शरीरात बसवलेली नळी धुऊन का साफ होत नाही, हे त्यावरून समजतं.

तळाच्या रंगाबाबत मात्र एक व्यावहारिक अडचण राहते. सिलिकोनचे लेप मुळात वेगाने धावणाऱ्या जहाजांसाठी बनले. जुन्या लेपांना घाण सुटायला १५ नॉटच्या आसपास वेग लागायचा. ट्रॉलर जाळं ओढताना दोन-तीन नॉटने जातो, बंदीत दोन महिने जागचा हलत नाही, आणि मांडवीत नांगरलेला बार्ज कधी आठवडेच्या आठवडे उभा असतो. एएफएममधला स्पर्श एका सेकंदाचा, फार तर काही मिनिटांचा. बार्जच्या तळाला चिकटलेल्यांना महिना मिळतो. म्हणून निवडलेले पाच लेप शेवटी पाट्यांवर लावून खाडीत सोडावेच लागतात: काही भर पावसात, काही मार्च-एप्रिलच्या खारट पाण्यात, उभ्या टांगून, भरती-ओहोटीच्या रेषेखाली, आणि दर आठवड्याला एक वर काढून, पाण्याचा ठरावीक फवारा मारून काय उरतं ते बघत.